आडात किती, पोहऱ्यात केव्हा: भेगाळ खडकांतल्या वायूविहिरींची घट

प्रस्तावना

वायूची विहीर उत्पादनात आली की खालचा दाब त्या दिवसापासून उतरू लागतो. चोक (विहिरीच्या तोंडाशी प्रवाह आवरणारी झडप) आवळून ठेवला तर काही काळ, कधी काही वर्षेही, रोजचा दर एका पातळीवर राखता येतो. पण ती उसनवारी असते. पुढे चोक पूर्ण उघडला तरी दर घसरतच जातो. तो किती वेगाने घसरेल, कुठे रेंगाळेल आणि विहीर बंद करण्याची वेळ येईपर्यंत एकूण किती वायू हाती लागेल, यावर पुढचे सगळे व्यवहार ठरतात. कॉम्प्रेसर कोणत्या वर्षी बसवायचा, पाइपलाइन केवढ्या व्यासाची टाकायची, खत कारखान्याशी किती वर्षांचा करार करायचा, बँकेसमोर किती साठा मांडायचा, शेजारी दुसरी विहीर खोदायची की नाही, हे सारे त्या एका घसरत्या रेषेच्या वाचनावर अवलंबून असते.

खडक एकजिनसी असेल तर ही रेषा बऱ्यापैकी सरळ बोलते. खडक नैसर्गिक भेगांनी चिरलेला असेल तर मात्र तीच रेषा आज एक सांगते आणि दोन वर्षांनी दुसरेच सांगते. याचे कारण असे की अशा विहिरीमागे दोन साठे असतात. एक भेगांमधला, लहान पण लगेच हाताशी येणारा. दुसरा भेगांच्या मधल्या अखंड खडकातला, मोठा पण सावकाश सुटणारा. या अखंड खडकाला या क्षेत्रात मॅट्रिक्स म्हणतात. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण इथे अर्धीच लागू पडते. आडात भरपूर असूनही पोहरा रिकामा येऊ शकतो, आणि पोहरा काठोकाठ भरून येत असताना आड तळाला गेलेला असू शकतो. या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात हेच आहे: घटीची रेषा पुढे ओढण्याआधी ती आत्ता कोणत्या साठ्याविषयी बोलते आहे, हे विचारले पाहिजे.

भेगांचे आणि मॅट्रिक्सचे हे श्रमविभाजन किती टोकाचे असते, ते एका साध्या आकडेमोडीत दिसते. खडकात दर मीटरला एक, अशा ०.१ मिलिमीटर रुंदीच्या गुळगुळीत समांतर भेगा आहेत असे धरू. त्या खडकाच्या एकूण आकारमानापैकी भेगांनी व्यापलेला भाग जेमतेम ०.०१ टक्का भरतो. मॅट्रिक्सची सच्छिद्रता ५ टक्के असेल तर ती भेगांच्या पाचशे पट जागा धरून असते. आता वाहण्याचा हिशेब पाहा. समांतर भेगेतून वाहणारा प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. त्या नियमाने या भेगा संपूर्ण खडकाला सुमारे ८४ मिलिडार्सी पारगम्यता देतात, तर घट्ट मॅट्रिक्सची स्वतःची पारगम्यता ०.०१ मिलिडार्सी इतकीच असू शकते. साठवणुकीत मॅट्रिक्स पाचशे पटींनी वरचढ, वाहतुकीत भेगा आठ हजार पटींनी वरचढ. प्रत्यक्षातल्या भेगा खडबडीत असतात, वाकड्या असतात, कॅल्साइटने अर्धवट बुजलेल्या असतात. त्यामुळे आकडे बदलतात, पण तोल असाच राहतो.

सगळेच भेगाळ खडक एका साच्यातले नसतात. रोनाल्ड नेल्सन यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात केलेले चार प्रकार आजही कामाला येतात. पहिल्यात साठा आणि वाट दोन्ही भेगाच पुरवतात. ग्रॅनाइटसारख्या पायाखडकात हे दिसते. दुसऱ्यात साठा मॅट्रिक्सचा, वाट भेगांची. तिसऱ्यात मॅट्रिक्स स्वतः वाहता असतो, भेगा त्याला हातभार लावतात. चौथ्यात भेगा खनिजांनी भरून आडव्या येतात आणि वाट अडवतात. घटीच्या दृष्टीने पहिला प्रकार सगळ्यात दगाबाज असतो: दणक्यात सुरुवात आणि लगेच उतरण. दुसरा सगळ्यात फसवा, कारण त्याची सुरुवात हुबेहूब पहिल्यासारखी दिसते. या पुस्तकाचा बहुतेक भर दुसऱ्या प्रकारावर आहे.

आता या विद्येच्या इतिहासाकडे वळू. तिच्यात दोन घराणी स्वतंत्रपणे वाढली आणि बऱ्याच उशिरा एकमेकांना भेटली.

पहिले घराणे हिशेबनिसांचे. विहिरीचा दर दर वर्षी ठरावीक टक्क्याने घटतो, ही नोंद १९०८ च्या सुमारास राल्फ अरनॉल्ड आणि रॉबर्ट अँडरसन यांच्या लेखनात येते. पुढे तिला बळ मिळाले ते करखात्याकडून. अमेरिकेतल्या १९१८ च्या महसूल कायद्याने जमिनीतला साठा संपत जाण्यापोटी तेल-वायू उत्पादकांना करसवलत दिली, आणि सवलत मागायची तर शिल्लक साठा दाखवणे आले. त्यामुळे आलेख काढण्याची सवय उद्योगभर पसरली. १९२४ मध्ये कटलर यांनी दाखवले की बऱ्याच विहिरी ठरावीक टक्क्यापेक्षा हळू घटतात आणि त्यांची रेषा हायपरबोलासारखी वळते. या सगळ्याला एका सूत्रात बांधले ते जे. जे. आर्प्स यांनी, १९४५ मध्ये. त्यांच्या सूत्रात तीनच गोष्टी लागतात: सुरुवातीचा दर, सुरुवातीचा घटीचा वेग आणि रेषेचे वळण ठरवणारा घातांक ‘बी’. बी शून्य असेल तर घट घातीय, एक असेल तर हार्मोनिक, मध्ये असेल तर हायपरबोलिक.

हे सूत्र ऐंशी वर्षे टिकले ते साधेपणामुळे, आणि तोच त्याचा धोकाही आहे. एक विहीर घ्या, दररोज १ लाख घनमीटर वायू देणारी, सुरुवातीचा घटीचा वेग वर्षाला ०.५. एका वर्षाने बी शून्य धरला तर दर सुमारे ६०,७०० घनमीटर येतो, बी ०.५ धरला तर ६४,००० आणि बी १ धरला तर सुमारे ६६,७००. विहीर मधूनमधून बंद पडते, लाइनचा दाब वरखाली होतो, मीटरमध्येही थोडा फरक असतो. एवढ्या गोंधळात या तीन आकड्यांतला फरक वर्षभराच्या नोंदींवरून ओळखणे मुश्कीलच. आता दहाव्या वर्षाचे उत्तर पाहा. पहिल्या रेषेवर विहीर दिवसाला सुमारे ६७० घनमीटर देत असेल, म्हणजे जवळपास मेलेली. दुसरीवर ८,२०० च्या आसपास. तिसरीवर १६,७००, म्हणजे अजून कमाई करणारी. दहा वर्षांत मिळालेला एकूण वायू पहिल्या रेषेवर सुमारे ७.२५ कोटी घनमीटर, तिसरीवर १३ कोटींहून थोडा अधिक. नोंदी त्याच, विहीर तीच. फरक फक्त एका घातांकाचा, आणि तो घातांक बसवणाऱ्याच्या मनावर.

आर्प्सच्या सूत्रामागे काही अटी गृहीत आहेत. विहिरीच्या तळाचा दाब स्थिर हवा, तिचे क्षेत्र बदलता कामा नये, आणि दाबाचा परिणाम त्या क्षेत्राच्या कडेपर्यंत पोहोचलेला हवा. भेगाळ खडकात या शेवटच्या अटीशीच गाठ पडते. परिणाम भेगांच्या जाळ्याच्या कडेला पोहोचला असेल, पण मॅट्रिक्सच्या ठोकळ्याच्या मध्यापर्यंत पोहोचायला अजून कितीतरी वर्षे लागणार असतील. अशा वेळी ‘कड गाठली’ म्हणायचे की नाही?

या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या घराण्याकडे होते. हे घराणे भौतिकीचे. त्याचा उगम १८५६ मध्ये दीजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर लिहिताना आंरी डार्सी यांनी मांडलेल्या नियमात आहे. पण डार्सींचा नियम एका खडकाला एकच दाब धरतो. १९६० मध्ये सोव्हिएत संघात बारेनब्लाट, झेल्टोव्ह आणि कोचिना यांनी धाडसाचे पाऊल उचलले: खडकातल्या प्रत्येक ठिकाणी दोन दाब धरायचे, एक भेगांचा आणि एक ठोकळ्यांचा, आणि दोहोंमधली देवाणघेवाण त्या दाबांच्या फरकाच्या प्रमाणात होते असे मानायचे. १९६३ मध्ये अमेरिकेत गल्फ कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या वॉरन आणि रूट यांनी हीच कल्पना विहिरीच्या चाचणीला लावली. त्यांनी खडक सारख्या चौकोनी ठोकळ्यांचा कल्पिला, म्हणून त्या प्रारूपाला ‘शुगर क्यूब’ हे नाव चिकटले. त्यात दोन आकडे कळीचे. ओमेगा सांगतो की एकूण साठवण-क्षमतेपैकी भेगांचा वाटा किती. लॅम्डा सांगतो की मॅट्रिक्समधून भेगांत माल किती सहज येतो.

हे सगळ्यांना लगेच पटले असे नाही. १९६५ मध्ये ओडे यांनी मांडले की व्यवहारात भेगाळ साठे बहुधा एकजिनसी साठ्यासारखेच वागताना दिसतात. त्यांचा आक्षेप हवेतला नव्हता. ठोकळे लहान असतील आणि देवाणघेवाण झटपट होत असेल तर दोन दाबांतला फरक मोजण्याआधीच पुसला जातो. १९६९ मध्ये काझेमी यांनी ठोकळ्यांऐवजी आडवे थर घेतले आणि मॅट्रिक्सच्या आतही दाब हळूहळू सरकतो हे हिशेबात धरले. तेव्हापासून दोन पंथ आहेत: मॅट्रिक्समधली देवाणघेवाण एका सरासरी फरकावर चालते असे मानणारा, आणि ती काळानुसार आत शिरत जाते असे मानणारा. १९८३ मध्ये बुर्दे यांनी दाबाच्या बदलाचा वेग आलेखावर मांडण्याची पद्धत रूढ केली आणि दोन साठ्यांमधला तो सांधा एका खळग्याच्या रूपाने डोळ्यांना दिसू लागला. खळगा किती खोल आणि किती तीव्र आहे यावरून पंथांचा वाद काही विहिरींपुरता तरी मिटवता येतो.

दोन घराण्यांची भेट घडवली ती फेटकोविच यांनी. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात एकाच लॉग-लॉग आलेखाच्या डाव्या अंगाला दाब पसरत जाण्याचा काळ होता, त्याचे गणित भौतिकीचे. उजव्या अंगाला कड गाठल्यानंतरची घट होती, तिथे आर्प्सच्या रेषा. विहीर डावीकडे आहे की उजवीकडे, हे ओळखल्याशिवाय घातांक बसवायचा नाही, ही शिस्त तिथून आली. लगोलग १९८१ मध्ये दा प्रात, सिंको-ले आणि रॅमी यांनी हीच पद्धत दुहेरी साठ्याला लावली, आणि या पुस्तकाचा विषय खऱ्या अर्थाने उभा राहिला.

त्यांना काय दिसले ते सावकाश पाहण्यासारखे आहे. तळाचा दाब स्थिर ठेवला तर अशा विहिरीचा दर आधी झपाट्याने कोसळतो. मग तो एका खालच्या पातळीवर बराच काळ जवळजवळ स्थिर राहतो. त्यानंतर पुन्हा उतरण लागते, ती शेवटपर्यंत. पहिली घसरण भेगा रित्या होण्याची, मधली सपाटी मॅट्रिक्स भेगांना पुरवठा करण्याची, शेवटची घसरण मॅट्रिक्सच रिता होण्याची. ओमेगा ०.०१ असेल तर पहिली घसरण एकूण साठ्याच्या एका टक्क्याची कहाणी असते. तिच्यावर साधा एकजिनसी आलेख बसवला तर साठा खऱ्याच्या शंभराव्या हिश्शाइतका दिसू शकतो, आणि चांगली विहीर अकाली सोडून दिली जाऊ शकते. उलट, सपाटीवर बेतलेली रेषा विहीर जणू अमर आहे असे दाखवते. चूक दोन्ही दिशांनी होते, आणि दोन्ही वेळा आलेख मात्र नोंदींवर झकास बसलेला असतो.

इथवरचे बरेचसे गणित द्रवासाठी मांडले गेले. वायूचे स्वतःचे नखरे आहेत. वायूची संपीड्यता दाब घटला की वाढते, साधारणपणे दाब निम्मा झाला की दुप्पट. त्यामुळे खडक एकजिनसी असला, तळाचा दाब स्थिर असला, तरी वायूची घट घातीय रेषेवर राहत नाही. मागे रेंगाळत जाते. हे वळण भेगांमुळे आले असे समजणे सोपे असते आणि चुकीचे असते. १९६६ मध्ये अल-हुसैनी, रॅमी आणि क्रॉफर्ड यांनी दाबाऐवजी ‘स्यूडोप्रेशर’ वापरण्याची युक्ती दिली, तिने वायूची समीकरणे द्रवाच्या समीकरणांच्या जवळ आली. १९८५ मध्ये कार्टर यांनी वायूसाठी वेगळे आलेख काढले, १९८७ मध्ये फ्रेम आणि वॉटनबार्गर यांनी काळाचेच माप बदलून वायूची घट घातीय रेषेवर आणली. नव्वदच्या दशकात ब्लासिंगेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बदलता दर आणि बदलता दाब एकत्र हाताळण्याची सोय केली. त्यामुळे रोजच्या उत्पादनाच्या नोंदी, एरवी ज्या चाचणीसाठी विहीर बंद करावी लागते तिच्याजवळ जाणारी माहिती देऊ लागल्या.

याशिवाय दोन अडचणी विहिरीतल्याच असतात. भेगेतून वायू वेगाने वाहतो तेव्हा डार्सींचा सरळ नियम अपुरा पडतो आणि दाबाचा जादा खर्च होतो; १९०१ मध्ये फोर्खहायमर यांनी त्याचे गणित दिले होते. आणि दर फार खाली आला की वायूबरोबर वर येणारे पाणी नळीत साचू लागते. असे पाणी साचलेल्या विहिरीचा दर अचानक तुटतो, तेव्हा साठा संपला असे वाटते. प्रत्यक्षात नळी बारीक केली तरी विहीर पुन्हा चालू शकते. घटीचे कारण खडकात शोधण्याआधी नळीत शोधावे, हा शहाणपणा कोणत्याही प्रारूपाच्या आधी येतो.

तिसरी अडचण खडकाचीच, आणि भेगाळ साठ्याला ती विशेष भोवते. भेग हा स्थिर पाइप नव्हे. आतला वायूदाब तिला उघडी धरतो. दाब उतरला की वरच्या खडकाचा भार तिला मिटवू लागतो. प्रवाह रुंदीच्या घनावर ठरत असल्याने रुंदी निम्मी झाली की वाट आठव्या हिश्शावर येते. वरच्या उदाहरणातले ८४ मिलिडार्सी १०.५ वर आले. १९८६ मध्ये पेद्रोसा यांनी पारगम्यता दाबाबरोबर घटते असे धरून गणित मांडले, आणि त्यानंतर या शाखेत बरेच काम झाले. भेगा मिटल्या तर मॅट्रिक्समधला वायू आतच अडकून राहतो. म्हणून विहीर सुरुवातीला किती जोरात चालवावी, हा प्रश्न या साठ्यांत केवळ व्यापारी राहत नाही.

दोन प्रत्यक्ष क्षेत्रे शेजारी ठेवली की हे सगळे जमिनीवर येते. फ्रान्सच्या नैऋत्येला लाक इथे १९५१ च्या डिसेंबरात साडेतीन हजार मीटरहून खोल भेगाळ चुनखडकातून विहीर उसळली. दाब सुमारे ६६० बार, वायूत हायड्रोजन सल्फाइड १५ टक्क्यांच्या आसपास. त्याला टिकणारे पोलाद तयार होईपर्यंत थांबावे लागले. उत्पादन १९५७ मध्ये सुरू झाले आणि वायूची विक्री २०१३ पर्यंत चालली. मॅट्रिक्स घट्ट असूनही अर्धशतकभर भेगांना पुरवठा होत राहिला. दाब इतका उतरला की १९६९ पासून त्या भागात भूकंपाचे लहान धक्के जाणवू लागले. चीनमधल्या सिचुआन खोऱ्यातल्या वेईयुआन क्षेत्रातही भेगाळ कार्बोनेट खडक आहे, पण तिथे खालचे पाणी भेगांच्या वाटेने वर आले. पाण्याने वाट बळकावली की ठोकळ्यांमधला वायू कोंडला जातो, आणि बराच मोठा साठा हाती लागतच नाही. दोन्ही क्षेत्रांतल्या विहिरींचा दर घटला. लाकला तो दाब संपल्याने घटला, वेईयुआनला वाट गेल्याने. नुसत्या दर-काळाच्या आलेखाला हा फरक कळत नाही. दाबाची आणि पाण्याची नोंद जोडीला असावी लागते.

एकविसाव्या शतकात शेल वायूने या विद्येला पुन्हा ढवळून काढले. आडव्या विहिरी आणि कृत्रिम भेगा यांच्यामुळे मॅट्रिक्सपासून भेगेपर्यंतचा सरळ रेषेतला प्रवाह वर्षानुवर्षे टिकू लागला. अशा प्रवाहात दर काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो आणि आर्प्सच्या सूत्रात बसवला तर घातांक २ येतो. आता घातांक एक किंवा त्याहून मोठा ठेवून रेषा अनंतापर्यंत नेली तर एकूण वायूही अनंत होतो, जे कोणत्याही खडकाला शक्य नाही. यावर १९८८ पासून एक उपाय माहीत होता: रॉबर्टसन यांनी सुचवल्याप्रमाणे शेवटी रेषा घातीय करून टाकायची. पुढे २००८ मध्ये इल्क आणि सहकाऱ्यांचे पॉवर-लॉ सूत्र, २००९ मध्ये वाल्को यांचे ताणलेले घातीय सूत्र, २०११ मध्ये डुआँग यांचे सूत्र असे एकामागून एक आले. ही सूत्रे उपयोगी आहेत, पण ती मूळ हिशेबनिसांच्या घराण्यातली आहेत. त्यांत ओमेगाही नाही, लॅम्डाही नाही.

भौतिकीचे घराणेही थांबले नव्हते. भेगा, मॅट्रिक्स आणि विरघळून झालेल्या पोकळ्या असे तीन साठे धरणारी प्रारूपे आली. १९९० मध्ये चँग आणि यॉर्त्सॉस यांनी भेगांचे जाळे फ्रॅक्टल मानले. लहान-मोठ्या भेगांची सरमिसळ असलेल्या खडकाला ते ठोकळ्यांपेक्षा जवळचे वाटते. संगणकाची ताकद वाढली तशी प्रत्येक भेग वेगळी मांडणारी जाळी बांधता येऊ लागली. त्यांत भूवैज्ञानिकाने विहिरीच्या भिंतीवर पाहिलेल्या भेगांचा थेट उपयोग होतो. मात्र विहिरींपासून दूरच्या भेगा कुणी पाहिलेल्या नसतात, त्या संभाव्यतेने पेरल्या जातात, आणि एकाच नोंदीला शेकडो जाळी सारखीच जुळतात. अलीकडे मशीन लर्निंगचा पंथही आला आहे. हजारो विहिरी एकाच खडकात असतील तर तो चांगले काम करतो. चार-पाच विहिरींच्या भेगाळ क्षेत्रात, जिथे प्रत्येक विहिरीला वेगळी भेग लागलेली असते, तिथे त्याला शिकायला पुरेसे काही नसते.

आपल्याकडे या विषयाचे धागे कुठे कुठे पोहोचतात, हेही पाहू. मुंबईच्या समुद्रात १९७६ मध्ये सापडलेल्या वसई क्षेत्राचा वायू चुनखडकातला आहे आणि तो हजिऱ्याला किनाऱ्यावर येतो. राजस्थानातल्या बाडमेर खोऱ्यात रागेश्वरीच्या खोल साठ्यात वायू ज्वालामुखी खडकांत अडकलेला आहे. रानीगंज आणि सोहागपूरच्या कोळशात वायू कोळशाच्या अंगाला चिकटलेला असतो, आणि वाट असते ती कोळशातल्या बारीक नैसर्गिक चिरांची. तिथे घटीचे चित्रच उलटे: आधी पाणी उपसावे लागते, वायूचा दर काही काळ वाढत जातो, आणि मगच उतरण लागते. आर्प्सचे सूत्र चढणीवर लावता येत नाही, हे इथे नवशिक्यालाही लगेच कळते.

मराठी वाचकाच्या पायाखाली मात्र याच भौतिकीचा सर्वांत मोठा नमुना पसरलेला आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग दख्खनच्या बेसॉल्टवर आहे, आणि त्यातले पाणी बहुतांशी भेगांत, सांध्यांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात असते. बोअर मारताना भेग लागली की तीन इंची पाणी उसळते, मालक पेढे वाटतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत पंप अर्ध्या इंचावर येतो. काही बोअर तिथेच आटतात. काही त्या अर्ध्या इंचावर वर्षानुवर्षे चालतात, कारण मुरूम भेगेला पाजत असतो. वायूची संपीड्यता सोडली तर समीकरणे तीच आहेत. भूजलावर काम करणाऱ्यांनी हे पुस्तक हाती घेतले तर त्यांना परके वाटू नये, असा प्रयत्न मी केला आहे.

हा विषय आत्ताच का? भारताने ऊर्जेतला नैसर्गिक वायूचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि तो सध्या त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. सोपे, सच्छिद्र वाळूखडकांतले साठे आधी वापरले गेले. पुढचा वायू घट्ट खडकांतून, ज्वालामुखी खडकांतून, कोळशातून आणि पायाखडकातून यायचा आहे, आणि या सगळ्यांत भेगांशी गाठ आहे. दुसरे असे की ही विद्या वायूपुरती राहिलेली नाही. कॅलिफोर्नियातले गायझर्स हे भूऔष्णिक क्षेत्र भेगाळ खडकातली वाफ विजेसाठी वापरते. तिथले उत्पादन १९८७ मध्ये शिखरावर गेले आणि मग वेगाने उतरले. घटीच्या अभ्यासातून कळले की उष्णता खडकात भरपूर आहे, पाणी कमी पडते आहे. पुढे आधी १९९७ पासून आणि मग २००३ पासून जवळच्या वस्त्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी नळाने आणून आत सोडले गेले, आणि उतरण सौम्य झाली. कार्बन डायऑक्साइड जमिनीत साठवायचा म्हटले तरी तो भेगांत किती आणि मॅट्रिक्समध्ये किती शिरेल, हाच हिशेब उलटा मांडावा लागतो.

या पुस्तकाची मांडणी विहिरीपुढे बसलेल्या माणसाच्या क्रमाने केली आहे. आधी नोंदी तपासायच्या, मग विहीर कोणत्या टप्प्यात आहे ते ओळखायचे, आणि त्यानंतरच प्रारूप निवडायचे. सूत्रांची सिद्धता जिथे समज वाढवते तिथे दिली आहे, एरवी निष्कर्ष आणि त्याच्या अटी. कलनशास्त्राची पदवीपातळीची ओळख पुरेशी आहे. उदाहरणे हाताने किंवा साध्या स्प्रेडशीटमध्ये सोडवता येतील अशी ठेवली आहेत, कारण तयार सॉफ्टवेअर उत्तर देते, पण कोणत्या गृहीतकावर दिले ते शोधायला मेनूत चार पायऱ्या खाली जावे लागते. कृत्रिम भेगांचा आराखडा आणि मोठ्या सिम्युलेटरची बांधणी या दोन गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लागतील.

कोणत्याही एका पंथाची तळी उचलणे हा पुस्तकाचा हेतू नाही. आर्प्सची रेषा शेवटच्या टप्प्यात पोहोचलेल्या विहिरीला आजही उत्तम लागू पडते, आणि दुहेरी साठ्याचे प्रारूप सहा महिन्यांच्या नोंदींवर बसवले तर ते आर्प्सपेक्षा जास्त फसवू शकते, कारण त्यात मनासारखे फिरवायला दोन आकडे अधिक आहेत. वाचकाकडून एकच सवय अपेक्षित आहे. घटीचा प्रत्येक अंदाज कागदावर उतरवताना त्याच्याखाली तीन ओळी लिहाव्यात: विहीर आज कोणत्या टप्प्यात आहे असे आपण मानले आणि कशावरून, त्याऐवजी शेजारचा टप्पा मानला असता तर एकूण वायू किती आला असता, आणि पुढे कोणती नोंद मिळाली तर आपण हा अंदाज मोडीत काढू. पहिल्या दोन ओळींमुळे निर्णय घेणाऱ्याला एका आकड्याऐवजी खरी कक्षा मिळते. तिसरीमुळे पुढच्या वर्षी कोणती मोजणी करायची, विहीर केव्हा बंद करून दाब घ्यायचा, हे आपोआप ठरते. एवढे झाले तर प्रारूप कोणतेही निवडले असो, चूक फार काळ लपून राहणार नाही.